गिअरलेस स्कूटरचा व्हेरिएटर, बेल्ट आणि क्लच: बिघाड शोधण्यापासून ट्यूनिंगपर्यंत

गिअर नसलेली स्कूटर चालवायला सोपी असते, पण तिचे पिकअप का गेले किंवा निघताना ती झटके का देते, हे शोधायला बसले की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. एकाच कव्हरखाली पाच-सहा भाग एकमेकांवर अवलंबून काम करतात, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो. माझ्या स्कूटरचा वेग घटला तेव्हा मी आधी हलके रोलर बसवले आणि नंतर क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या. दोन्ही वेळा खर्च झाला, पण वेग काही परत आला नाही. अखेरीस बेल्टची रुंदी मोजली, तेव्हा तो झिजून मर्यादेच्या खाली गेल्याचे दिसले. नवा बेल्ट आणि मूळ वजनाचे रोलर बसवताच गाडी पूर्ववत झाली. म्हणून या लेखाचा क्रम ठरलेला आहे: आधी लक्षणे नीट वाचायची, मग झीज दूर करायची, आणि त्यानंतरच ट्यूनिंगला हात लावायचा.

आत नेमके काय घडते

हा भाग वगळून थेट पाने हातात घेऊ नका, कारण पुढचे सगळे निदान यावरच उभे आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर पुढची पुली बसते. तिचा एक फेस (बेल्टला कडेने धरणारी उतरती तबकडी) स्थिर असतो आणि दुसरा शाफ्टवर पुढे-मागे सरकतो. या सरकत्या भागाला व्हेरिएटर म्हणतात. व्हेरिएटरच्या पोटात बहुधा सहा रोलर असतात आणि त्यांच्या पाठीमागे उताराची एक प्लेट असते. इंजिनाचे फेरे (दर मिनिटाचे, म्हणजे आरपीएम) वाढले की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, प्लेटच्या उतारावर चढतात आणि सरकता फेस स्थिर फेसकडे ढकलतात. दोन फेसमधली फट कमी झाल्यामुळे बेल्ट पुलीच्या कडेकडे चढतो. बेल्टची लांबी बदलत नसल्याने तो मागच्या पुलीत तितकाच खोल ओढला जातो, आणि त्यामुळे गिअर बदलल्याचा परिणाम साधतो.

मागच्या पुलीचे फेस एक मोठी स्प्रिंग मिटवून धरत असते. तिला कॉन्ट्रा स्प्रिंग किंवा टॉर्क स्प्रिंग म्हणतात. या पुलीच्या नळीत तिरप्या खाचा आणि त्यांत बसणाऱ्या पिना असतात. चढ लागला किंवा एकदम रेस दिली की बेल्टवरचा ताण या खाचांमुळे मागची पुली आणखी आवळतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरसारख्या स्थितीत येते. थोडक्यात, रोलर गाडीला वरच्या गिअरकडे ओढतात, तर कॉन्ट्रा स्प्रिंग आणि तिरप्या खाचा तिला खालच्या गिअरकडे खेचतात. ट्यूनिंग म्हणजे या ओढाताणीचा तोल साधणे.

क्लच मागच्या पुलीलाच जोडलेला असतो. ठरावीक फेऱ्यांनंतर क्लचचे शू (घर्षणाचे अस्तर लावलेले वक्र तुकडे) आपल्या लहान स्प्रिंगांना ताणून बाहेर येतात, त्यांच्याभोवतीच्या वाटीसारख्या क्लच ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटतात, आणि ड्रमकडून ताकद गिअरबॉक्समधून चाकाकडे जाते.

लागणारी कागदपत्रे आणि हत्यारे

- तुमच्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. बेल्टची किमान रुंदी, क्लचच्या अस्तराची किमान जाडी, ड्रमचा कमाल आतला व्यास, कॉन्ट्रा स्प्रिंगची किमान मोकळी लांबी आणि प्रत्येक नटाचा टॉर्क (आवळण्याचे बळ) हे आकडे त्यातूनच घ्यावेत.
- पार्ट्स कॅटलॉग. त्यावरून रोलरचे मूळ माप, वजन आणि भाग क्रमांक कळतात.
- एक वही आणि फोनचा कॅमेरा.
- सॉकेट संच, टॉर्क रेंच, पुली धरून ठेवण्याचा होल्डर आणि मागच्या पुलीच्या मोठ्या नटासाठी योग्य मापाचा सॉकेट.
- व्हर्नियर कॅलिपर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा.
- ब्रेक क्लीनर, पॉलिश पेपर, स्वच्छ फडकी, हातमोजे, धुळीचा मास्क आणि कायम खूण करणारा मार्कर.

पुली धरायला होल्डर नसेल तर काम पुढे ढकला. अनेक जण पुढच्या पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट फिरवतात, आणि त्यात पाती तुटतात. हा पंखा आतली हवा खेळती ठेवतो, त्यामुळे त्याची तुटकी पाती बेल्टला तापवतात.

१. कव्हर उघडण्यापूर्वी लक्षणे लिहून काढा

प्रथम ट्रान्समिशनबाहेरची कारणे बाजूला काढा. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचे चाक हाताने फिरवा. ते जड फिरत असेल तर ब्रेक घासत असण्याची शक्यता आहे. टायरची हवा, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तपासा. आयडलिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आहे का, हेही पाहा. आयडलिंग जास्त असेल तर निरोगी क्लचसुद्धा सिग्नलवर गाडी पुढे ढकलतो.

त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून फेरे आणि वेग यांचे नाते पाहा. टॅकोमीटर नसेल तर कान पुरेसा आहे.

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तेव्हा काहीतरी घसरत असते. हे निघताना किंवा चढावर होत असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लचवर संशय घ्या. धावत्या गाडीला एकदम रेस दिल्यावर चिरका आवाज येत असेल, तर बेल्ट पाहा. निघताना सगळी गाडी थरथरत असेल, तर शू आणि ड्रम गुळगुळीत होऊन चकाकू लागलेले असतात, किंवा ड्रमचा गोलपणा बिघडलेला असतो. गाडी निघताना मंद, दबलेल्या आवाजात उठत असेल, तर व्हेरिएटर पूर्णपणे माघारी येत नाही असे समजा; झिजलेले रोलर मध्येच अडकलेले असतात किंवा मागच्या पुलीचा फेस खाचेत अडखळत असतो. शेवटचा, म्हणजे कमाल वेगच तेवढा घटला असेल, तर अरुंद झालेला बेल्ट आणि एका बाजूने चपटे झालेले रोलर हे पहिले संशयित आहेत.

आयडलिंगला खडखड येते आणि थोडी रेस दिल्यावर ती थांबते, ही बहुधा व्हेरिएटरमधल्या प्लास्टिकच्या सरक-पट्ट्यांची किंवा बुशची (शाफ्टवरच्या ज्या नळीवर व्हेरिएटर सरकतो तिची) झीज असते. मात्र रेस सोडून गाडी नुसती घरंगळत असतानाही वेगाप्रमाणे बदलणारी घरघर ऐकू येत असेल, तर ती गिअरबॉक्सच्या किंवा चाकाच्या बेअरिंगची असू शकते, आणि त्यावर या लेखातला कोणताही उपाय चालणार नाही.

२. कव्हर काढा आणि आधी नुसते पाहा

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर केसचे आटे जातात. किक असलेल्या गाडीत किकची यंत्रणा कव्हरच्या आतल्या बाजूला असते, तेव्हा कव्हर हळू ओढा आणि लहान वॉशर कुठून आले ते टिपून ठेवा.

काही सुटे करण्यापूर्वी फोटो काढा. काळी कोरडी पूड दिसणे स्वाभाविक आहे, पण ओलसर, तेलकट थर दिसला तर क्रँकशाफ्टचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे ऑइल सील गळत आहे, किंवा मागच्या पुलीचे ग्रीस बाहेर येत आहे. ती गळती थांबवल्याशिवाय नवा बेल्ट बसवू नका.

अस्तराची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते नसले तरी ही धूळ फुप्फुसांसाठी वाईटच आहे. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. कव्हर उघडे असताना इंजिन सुरू करू नका. क्लच ड्रम काढलेला असताना तर कधीच नाही, कारण शूंना रोखणारी भिंत नसते आणि ते फेकले जाऊ शकतात.

३. बेल्ट तपासा

होल्डरने पुढची पुली धरून नट काढा, मागचा ड्रम उतरवा आणि बेल्ट बाहेर घ्या. बेल्टवर दिशेचा बाण असतो. तो पुसट झाला असेल तर मार्करने स्वतः काढा.

बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा आहेत का ते पाहा. कडा चकचकीत, कडक किंवा दोरे सुटलेल्या असतील तर तो बाद समजा. नंतर तीन-चार ठिकाणी रुंदी मोजा. पुलीच्या फेसचा उतार इतका थोडा असतो की रुंदीत १ मिमी घट झाली तर बेल्ट सुमारे २ मिमी खोल बसतो. शेवटचा वेग जातो तो येथेच. डोळ्याला चांगला दिसणारा बेल्टही मापात नापास होतो, म्हणून या पायरीला व्हर्नियरचा पर्याय नाही.

४. व्हेरिएटर आणि रोलर

व्हेरिएटर शाफ्टवरून काढताना मागची उताराची प्लेट हाताने दाबून धरा, म्हणजे रोलर विखुरणार नाहीत. प्रत्येक रोलर सपाट काचेवर गडगडवून पाहा. चपटा झालेला रोलर अडखळतो. सहाही रोलरचे वजन करा. एकाचे वजन इतरांपेक्षा वेगळे निघाले तर अख्खा संच बदला. फक्त खराब रोलर बदलण्याची काटकसर टिकत नाही.

रोलर ज्या वाटांवरून सरकतात तिथे बोटाला खळगे जाणवत असतील, तर नवे रोलरही लवकर खराब होतील. बुश शाफ्टवर आणि व्हेरिएटर बुशवर सहज सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. काही उत्पादक रोलरच्या जागी ग्रीस सांगतात, तर पुष्कळ मॉडेलांत ती जागा कोरडी ठेवायची असते. मॅन्युअल सांगत नसेल तर ग्रीस लावू नका, कारण ते वितळून बेल्टवर येते.

५. क्लच आणि मागची पुली

ड्रमच्या आत निळसर छटा दिसली तर तो अति तापलेला आहे. खोल ओरखडे नसतील आणि व्यास मर्यादेत असेल, तर साधारण १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने आतली चकाकी आडव्या-तिडव्या हाताने घालवा. शूंच्या अस्तरावरूनही तसाच हलका हात फिरवा आणि पूड पुसून काढा. अस्तर मर्यादेपेक्षा पातळ असेल तर सगळे शू एकत्र बदला. शू आपल्या पिनेवर मोकळे फिरतात का, हेही पाहा. पिन गंजली की एकच शू आधी चिकटतो आणि थरथर सुरू होते.

मागची पुली उलगडण्याबद्दल एक गंभीर सूचना. मोठ्या नटाखाली कॉन्ट्रा स्प्रिंग दाबलेली असते, आणि नट सुटताच क्लच वर उसळतो. ही स्प्रिंग दाबून धरणारे कॉम्प्रेसर हत्यार वापरा. ते नसेल तर नट शेवटच्या आट्यांवर येण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला क्लच दोन्ही हातांनी आणि शरीराच्या वजनाने खाली दाबून धरायला सांगा, आणि चेहरा त्या रेषेत ठेवू नका. आत गेल्यावर पिना, खाचा, ओ-रिंग आणि सील तपासा. खाचांत मॅन्युअलने सांगितलेले उष्णता सोसणारे ग्रीस बेताने भरा.

६. जोडणी: सर्वांत महाग पडणारी चूक

सगळे फेस ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा. मागच्या पुलीचे फेस हाताने फाकवा, बेल्ट त्यात खोल दाबा आणि वरचा-खालचा पदर एकत्र चिमटून तिथेच धरून ठेवा. असे केले की पुढच्या बाजूला बेल्ट सैल मिळतो. आता व्हेरिएटर प्लेटसकट दाबून धरून शाफ्टवर सरकवा, बेल्ट बुशवर अगदी खाली सोडा, आणि मग स्थिर फेस बसवा.

बेल्ट खाली न सोडता नट आवळला तर तो दोन फेसच्या मध्ये चिमटला जातो. टॉर्क रेंच आकडा दाखवते, पण ते बळ बेल्ट दाबण्यात खर्च झालेले असते. फेस बुशवर टेकलेलाच नसतो. गाडी सुरू झाली की बेल्ट खाली सरकतो, नट सैल पडतो आणि शाफ्टचे दाते खरवडले जातात. माझ्याकडून ही चूक एकदा झाली. काही किलोमीटरवर खडखड सुरू झाली आणि मी लगेच थांबलो म्हणून क्रँकशाफ्ट वाचला, स्थिर फेस मात्र बदलावा लागला. नट आवळण्यापूर्वी फेस शाफ्टच्या दात्यांवर पूर्ण बसला आहे का आणि नटाच्या मागे पुरेसे आटे दिसतात का, हे डोळ्यांनी पाहा. आवळून झाल्यावर पुढच्या पुलीत बेल्ट सैल हलला पाहिजे.

दुसरा सापळा असा, की व्हेरिएटर सरकवताना प्लेट किंचित मागे राहते आणि एखादा रोलर जागेवरून निसटून आडवा पडतो. शंका आली तर पुन्हा बाहेर काढा. इम्पॅक्ट रेंचने शेवटचा आवळ देऊ नका. लॉक नट किंवा आटे घट्ट करणारे द्रव्य मॅन्युअलने सांगितले असेल तर ते वापराच.

कव्हर लावल्यावर मागचे चाक अधांतरी ठेवून इंजिन सुरू करा आणि काही वेळा हलकी रेस द्या, म्हणजे बेल्ट आपल्या जागी बसेल. नवे शू असतील तर पहिले सुमारे १०० किलोमीटर जोरात निघणे टाळा.

७. ट्यूनिंग: रोलरचे वजन

सगळे भाग मापात आल्यावरच इथे या. उद्दिष्ट असे, की पूर्ण रेस दिल्यावर गाडी वेग घेत असताना इंजिनाचे फेरे त्याच्या कमाल शक्तीच्या आकड्याजवळ शक्य तितके स्थिर राहावेत. हा आकडा मॅन्युअलच्या तांत्रिक माहितीत असतो.

फेरे त्या आकड्याच्या खाली राहत असतील तर रोलर जड आहेत; वर जात असतील तर हलके आहेत. रोलरचे बाहेर फेकले जाण्याचे बळ वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे अंदाज आधीच बांधता येतो. समजा १० ग्रॅमच्या रोलरवर गाडी ६,५०० फेऱ्यांना स्थिर राहते. ९ ग्रॅमचे रोलर घातले तर ती सुमारे ६,८५० वर स्थिर होईल. म्हणजे वजन १० टक्क्यांनी कमी केले की फेरे साधारण ५ टक्क्यांनी वाढतात. एका वेळी प्रत्येक रोलरमागे अर्धा ते एक ग्रॅम एवढाच बदल करा. मधले वजन हवे असेल तर तीन हलके आणि तीन जड रोलर एक सोडून एक बसवा, म्हणजे तोल राहतो. नवे रोलर घेताना व्यास आणि रुंदी मूळ रोलरइतकीच हवी; उदाहरणार्थ १६×१३ च्या जागी दुसरे माप चालत नाही.

हलके रोलर म्हणजे जास्त वेग, ही समजूत सोडून द्या. चढावर आणि निघताना त्यांचा फायदा होतो, पण गाडी नेहमी चढ्या फेऱ्यांवर चालते, इंधन जास्त जाते आणि अति हलके रोलर बेल्टला कडेपर्यंत चढवूही शकत नाहीत. बेल्ट कुठवर चढतो हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे: पुढच्या पुलीच्या फेसवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची रेघ ओढा, गाडी पूर्ण वेगापर्यंत नेऊन आणा आणि कव्हर उघडा. जिथवर शाई पुसली गेली, तिथवर बेल्ट चढला.

८. स्प्रिंगांना हात लावायचा असेल तर

माझ्या मते साध्या, रोजच्या वापराच्या गाडीत मूळ स्प्रिंगाच ठेवाव्यात. कॉन्ट्रा स्प्रिंग कडक केली तर चढावर गाडी लवकर खालच्या स्थितीत येते, परंतु बेल्ट जास्त आवळला जातो, तापतो आणि लवकर झिजतो. बेल्ट घसरत असल्याची खात्री असेल किंवा रोलर योग्य असूनही रेस पुन्हा दिल्यावर फेरे लवकर वर येत नसतील, तरच पुढच्या पातळीची स्प्रिंग वापरून पाहा. स्प्रिंगांच्या रंगांवर विसंबू नका, कारण एका उत्पादकाचा पिवळा रंग दुसऱ्याच्या पिवळ्याइतकाच कडक असेल असे नाही.

क्लचच्या लहान स्प्रिंगा कडक केल्या की क्लच उशिरा, जास्त फेऱ्यांना पकडतो. निघण्यात जोर जाणवतो, पण रहदारीत शू जास्त वेळ घासतात. याउलट त्या ढिल्या पडल्या किंवा एखादी तुटली, तर गाडी आयडलिंगलाच पुढे सरकू लागते.

प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच चालवणारा आणि तीच टायरची हवा ठेवून चाचणी घ्या. वहीत तारीख, किलोमीटर, रोलरचे वजन, निघतानाचे फेरे, स्थिर राहिलेले फेरे, चढावरचा वेग आणि बेल्टची रुंदी लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही, आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. काढलेले मूळ रोलर आणि स्प्रिंगा पिशवीत घालून, त्यावर वजन आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा. कोणताही प्रयोग फसला तर परत जायची जागा तीच आहे.